देहूरोडला उतरल्यावर

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने मी आजवर शेकडो वेळा प्रवास केला असेन. पण देहूरोड स्टेशनावर कधी उतरले नव्हते. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी स्टेशने मागे टाकीत गाडी देहूरोडला येते. गळ्यात तुळशीची माळ घातलेले दोन-चार वारकरी, डबेवाले कामगार आणि पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या टाकलेली तरुण मुले भराभर उतरतात. खिडकीशी बसलेली आमच्यासारखी माणसे ‘इथून तुकोबांचे देहू’ एवढे मनाशी म्हणतात आणि पुन्हा हातातल्या पुस्तकात डोके घालतात. देहूरोड हे गाव म्हणून कुणाच्या लक्षातच राहत नाही. राहतो तो दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता.

यंदा पावसाळा संपता संपता तिथे उतरण्याचा योग आला तो एका माजी विद्यार्थिनीमुळे. बी. ए.ला ती माझ्याकडे मराठीला होती. पुढे तिने आणखी एक अभ्यासक्रम पुरा केला आणि आता तळवड्याच्या एका कंपनीत नोकरी करते. तिचा फोन आला. “बाई, एकदा आमच्याकडे या. बोलायचंय. फोनवर नको.”

स्टेशनावर ती उभीच होती. नमस्कार झाल्यावर म्हणाली, “तुम्हांला दोन घरं दाखवायची आहेत. एक माझ्या आईचं, आणि एक आमचं.”

‘आमचं’ या शब्दाशी मी अडखळले. लग्नाची पत्रिका मला आली नव्हती. आणि ही मुलगी मला पत्रिका धाडायला विसरेल अशी नव्हती. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न तिने वाचला आणि हसून म्हणाली, “तेच बोलायचंय, बाई. चला, वाटेत आधी विहार लागेल.”

देहूरोडची वस्ती तशी अलीकडची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लष्कराने या माळावर कोठारे उभी केली. कोठारांना हमाल, सुतार, लोहार, कारकून, पहारेकरी लागले. महाराष्ट्रातल्या दुष्काळी तालुक्यांतून माणसे आली, तशी तमिळ, तेलुगू, मल्याळी, पंजाबी मंडळीही आली. कँटोन्मेंट झाले. २०११ च्या जनगणनेत कँटोन्मेंटची लोकसंख्या सुमारे ४९ हजार भरली. बाजारातून चालताना चार भाषा कानांवर पडतात आणि एकाही भाषेतल्या माणसाला आपण परगावचे आहोत असे वाटत नाही. ज्यांना आपल्या गावात सार्वजनिक विहिरीवर घागर भरता येत नव्हती, त्यांना इथे सरकारी पगार मिळाला, आणि त्या पगारातून पै-पैसा बाजूला काढून त्यांनी एक मंदिर बांधले.

हेच ते देहूरोडचे बुद्धविहार. २५ डिसेंबर १९५४ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते इथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. मूर्ती रंगूनहून आणलेली. त्याच महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनला जाऊन आले होते. बुद्धाची शिकवण सोप्या भाषेत सांगणारा ग्रंथ आपण लिहीत आहोत, असे त्यांनी या समारंभात सांगितले. नागपूरची दीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला. म्हणजे या माळावरच्या कामगारांनी त्या वाटेवरचे पाऊल जवळजवळ दोन वर्षे आधी टाकले होते. दरवर्षी २५ डिसेंबरला इथे मोठी गर्दी लोटते. आम्ही गेलो तेव्हा मात्र आत दोन म्हाताऱ्या बाया आणि एक झाडणारा मुलगा एवढेच होते. मूर्तीसमोर क्षणभर उभी राहिले. शांत वाटले.

बाहेर पायरीवर बसून तिने सारे सांगितले. ती आणि तिच्याच कंपनीतला एक अभियंता, दोघे तीन वर्षे किवळ्याला एका फ्लॅटमध्ये एकत्र राहतात. लग्न झालेले नाही. मुलगा पुण्याचा. “तुमच्यातलाच आहे, बाई,” ती म्हणाली.

तुमच्यातला! वर्गात जातिभेदावर बोलताना माझा स्वर किती चढतो हे या मुलीने पहिल्या बाकावर बसून ऐकलेले. तरी तिला मला असे सांगावे लागले, आणि ते ऐकताच मला त्या मुलाचे घर, त्याच्या आईचे देवघर, दिवाळीतला फराळ हे सारे न पाहता दिसू लागले. तिचे म्हणणे खोटे नव्हते.

वाचकहो, माझी पहिली समजूत तुम्ही केली असती तीच झाली. आजकालची शिकलेली मुले, चांगला पगार, लग्नावर विश्वास नाही, मोकळे राहायचे. तसे मी तिला म्हटलेही. ती गप्प राहिली. मग म्हणाली, “आधी आजीला भेटा.”

आईचे घर विहारापासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या, स्वच्छ, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली कपाटात पुस्तके. आईने चहा टाकला. आजी कॉटवर बसलेली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नजर तीक्ष्ण. प्रतिष्ठापनेच्या दिवशी ती सात वर्षांची होती. “बापाच्या खांद्यावर होते मी. लोक म्हनत्यात बाबासाहेब पाह्यले का? खोटं कशाला बोलू? गर्दी पाह्यली. पन तशी गर्दी पुन्हा न्हाई पाह्यली.” पुढे तिचे लग्न त्याच विहारात लागले. त्रिशरण, पंचशील, दोन हार आणि सगळ्यांना चहा. हुंडा नाही, मुहूर्त नाही. नवरा कोठारात कामाला.

मग माझ्याकडे रोखून पाहत ती म्हणाली, “बाई, तुम्ही शिकलेल्या. हिला सांगा. आमच्या आज्या-पंज्यांना वाड्यावरची लोकं ‘ठेवलेली’ म्हनायची. बाई राबायला बी त्यांची आन् निजायला बी त्यांची. लगीन मात्र जातीत. आमी लगीन लावून घ्यायला शिकलो ती आमची अब्रू. आन् ही बी. ए. होऊन पुन्हा तिथंच गेली.”

नात मान खाली घालून बसली होती. मला काय बोलावे सुचेना. एकत्र राहणे या एकाच गोष्टीला मी घटकेपूर्वी ‘आधुनिकपणा’ असे नाव देऊन मोकळी झाले होते. पुण्याच्या पेठेतल्या मुलाला ते तसे वाटत असेलही; त्याच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांची रीतसर लग्ने उभी आहेत, ती नाकारण्याची चैन त्याला परवडते. या आजीच्या मागे मात्र तशी लग्नेच हिसकावून घेतलेल्या बाया उभ्या आहेत. घर एक, छप्पर एक, भाड्याची रक्कम निम्मी-निम्मी. पण त्या छपराखाली राहणे दोघांच्या घरी दोन निराळ्या भाषांत वाचले जाते.

आपल्या महाराष्ट्रात हे नवे नाही. कोणी कसे लग्न करावे हे नेहमी जातीनेच ठरवले. कित्येक जातींत विधवेचा पाट लागत असे, त्याला मोहतूरही म्हणत. कोणी भुवई उंचावत नसे. ब्राह्मणाच्या विधवेला मात्र १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा होऊनही दार बंदच राहिले. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केले तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. जे एका आळीत रीत, तेच दुसऱ्या आळीत पाप.

जेवण झाल्यावर आम्ही किवळ्याला गेलो. मुंबईहून येणारा द्रुतगती मार्ग इथेच येऊन मिळतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना इमारतींचे रान माजले आहे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पुस्तके, दोन संगणक, गॅलरीत तुळस आणि मिरचीचे रोप. मुलगा सालस, “या, मॅडम,” म्हणत त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. मुलीने गळ्यातली बारीक काळ्या मण्यांची पोत काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. मी पाहिले तसे म्हणाली, “ही घरमालकासाठी. भाडेकरार करताना विचारलं, नवरा-बायको ना? हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर घर मिळालं नसतं. बाई, माझं मंगळसूत्र भाडेकराराबरोबर आलं!”

तिघेही हसलो, पण हसू फार टिकले नाही.

“तुम्हांला लग्न करायचे नाही का?” मी सरळ विचारले.

“करायचंय,” दोघे एकदमच म्हणाले.

“मग अडलेय कुठे?”

मुलगा म्हणाला, “बाबा म्हणतात, माझी काही हरकत नाही, पण तुझ्या आईला सहन होणार नाही. तिचं ब्लडप्रेशर आहे. थोडं थांब. म्हणून तीन वर्षं थांबलो.”

कायद्याची त्यांनी माहिती काढली होती. विशेष विवाह कायदा १९५४ सालचा. तो अमलात आला १ जानेवारी १९५५ रोजी. इकडे देहूरोडला मूर्ती बसल्यापासून मोजून आठव्या दिवशी! या दोन गोष्टी मी आजवर डोक्यातल्या निराळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या. त्या दिवशी त्या शेजारी शेजारी येऊन बसल्या. त्या कायद्यात तीस दिवसांची नोटीस कचेरीत लागते आणि तेवढ्या मुदतीत कोणीही आक्षेप घेऊ शकतो. कोणीतरी नोटीस वाचेल आणि घरी फोन करील याची मुलाला धास्ती. पण खरे तर त्यांना त्या वाटेने जाण्याची सक्तीही नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. दोघांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे लग्न लावता येते. जात निराळी म्हणून विवाह अवैध ठरत नाही, हे तर १९४९ सालीच कायद्याने ठरवून टाकले. विहारात लग्न लावावे आणि त्याची नोंदणी करावी, झाले! कायद्याचे दार उघडून पाऊणशे वर्षे झाली, आणि ही मुले उंबऱ्यावर उभी आहेत.

आणि उभे राहणे सुरक्षित नाही, तेही मुलीच्या बाजूने अधिक. २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने ‘विवाहसदृश नात्यातल्या’ स्त्रीलाही संरक्षण दिले आहे, हे चांगलेच झाले. पण नाते विवाहसदृश कोणते? २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कसोट्या सांगितल्या. दोघे विवाहाच्या वयाचे आणि विवाहास पात्र असावेत, बऱ्याच काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले असावेत आणि समाजापुढे पती-पत्नीसारखे वावरत असावेत. आता हिचा समाज म्हणजे कोण? घरमालकापुढे ती पत्नी आहे, कचेरीत मैत्रीण आहे, आणि त्याच्या पुण्याच्या घरी ती नाहीच.

ऊन उतरल्यावर दोघे मला घोरावडेश्वराच्या डोंगरावर घेऊन गेली. जुन्या मुंबई रस्त्याच्या कडेचा हा डोंगर. पायऱ्या चढून गेले की बौद्ध लेणी लागतात, शेलारवाडीची लेणी म्हणून अभ्यासक ज्यांना ओळखतात ती. एका लेण्यात आज महादेव आहे. वरून सारा मुलूख दिसतो: गहुंजेचे क्रिकेटचे मैदान, रेल्वेचे रूळ, मागे मावळचे हिरवे डोंगर.

अर्ध्या वाटेवर एक जोडपे भेटले. लाकडांची मोळी उतरवून दम खात बसलेले. माझी विद्यार्थिनी दर रविवारी डोंगरावर जाते, त्यामुळे ओळख होती. मावळातल्या एका वाडीवरचे कातकरी. पावसाळा सरला की वीटभट्टीवर जायचे, पावसाळ्यात मिळेल ते काम. तीन मुले; थोरली मुलगी चौदा वर्षांची. बोलता बोलता मी बाईला विचारले, लग्नाला किती वर्षे झाली? ती पदर तोंडाला लावून हसली. “लगीन राह्यलंय, बाई! ऱ्हायला लागलो तवा पैका न्हवता. वाडीला जेवान घालाया पायजे, कापडं पायजे. आता पोरीच्या लग्नात आमचं बी उरकू.”

यात तिला शरम नव्हती आणि बंडही नव्हते. लग्न ही तिच्या लेखी करायची राहून गेलेली गोष्ट होती, जसा घराचा गिलावा राहून जातो. ठाणे-पालघरकडच्या वारल्यांतही अशी जोडपी असतात. त्यांच्याकडे लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गीते गाणारी बाईच. पण लग्नाचा खर्च जमेपर्यंत कित्येक जोडपी वर्षानुवर्षे नुसती एकत्र राहतात, आणि कधी कधी एकाच मांडवात आईबापांचे आणि मुलांचे लग्न लागते. सामाजिक संस्था सामुदायिक विवाह भरवतात तेव्हा कडेवर मूल घेतलेल्या नवऱ्या बोहल्यावर उभ्या राहतात.

मला एकदम अमेरिकेची आठवण झाली. तिकडे लग्नाआधी एकत्र राहणे आता रूढच आहे; पण त्यांतली कोणती जोडपी पुढे लग्न करतात याचा शोध घेतला तेव्हा दिसले की पदवीधर जोडपी अधिक प्रमाणात विवाहाकडे जातात, कमी शिकलेली कमी; आणि गोऱ्यांच्या मानाने काळ्यांत हे प्रमाण कमी आढळते. लग्नावर त्यांचा विश्वास नाही म्हणून का? नव्हे. पामेला स्मॉक, वेंडी मॅनिंग आणि त्यांच्या एका सहकारी संशोधिकेने अशा तरुण-तरुणींशी बोलून २००५ साली एक निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ हा की सारे काही आहे, अडले आहे ते पैशापाशी. स्थिर नोकरी हवी, घर हवे, चारचौघांसारखा समारंभ करता यावा, मग लग्न. घोरावडेश्वराच्या पायरीवर मोळी टेकवून बसलेल्या बाईने मला तेच दोन वाक्यांत सांगितले होते.

मग आमची ही दोघे? यांच्याकडे पदव्या आहेत, पैसा आहे. अमेरिकेच्या हिशेबाने यांचे लग्न केव्हाच व्हायला हवे होते. इथे तो हिशेब चुकतो. कारण आपल्याकडे लग्न दोघांचे नसते, दोन घरांचे असते, आणि घरांच्या मध्ये जात असते. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरचे जे भाषण लिहिले, आणि जे त्यांना करूच दिले गेले नाही, त्यात खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहच सांगितला आहे. त्यालाही आता नव्वदीच्या घरात वर्षे झाली. २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत आंतरजातीय विवाह शंभरात पाच-सहाच निघाले.

आमच्या महाविद्यालयातल्या अर्थशास्त्राच्या सहकाऱ्याने मागे मला याच पाहणीवरचा एक निबंध वाचायला दिला होता. दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या त्रिदीप राय, अर्क रायचौधुरी आणि कोमल सहाय यांनी तो २०१७ साली प्रसिद्ध केला. शिक्षण वाढले की जात सैल होते असे आपण धरून चालतो. म्हणून त्यांनी विचारले, कोणाचे शिक्षण? नवऱ्याचे? बायकोचे? वडिलांचे? आकडे तपासल्यावर उत्तर आले ते मजेशीर. वधूवरांच्या स्वतःच्या शिक्षणाने आंतरजातीय विवाहाच्या शक्यतेत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. फरक पडतो तो नवऱ्याच्या आईच्या शिक्षणाने. तिचे शिक्षण दहा वर्षांनी अधिक असेल तर ती शक्यता ३६ टक्क्यांनी वाढते.

तो निबंध एकत्र राहणाऱ्यांविषयी नाही, लग्न झालेल्यांविषयी आहे. पण तो वाचला तेव्हा मला गंमत वाटली होती. डोंगरावर बसून तो आठवला तेव्हा गंमत वाटली नाही. मी लेण्याच्या भिंतीकडे पाहत होते. शेलारवाडीच्या लेण्यांत एक ब्राह्मी शिलालेख आहे. धेनुकाकट गावच्या एका नांगरधारी कुटुंबिकाच्या बायकोने आपल्या मुलासह हे लेणे दान दिले, असे त्यात कोरले आहे. तिचे नाव, नवऱ्याचे नाव, मुलाचे नाव, सारे नीट दिले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही शेतकऱ्याची बायको स्वतःच्या नावाने दान देते, मुलाला सोबत घेते. दान तिचे, मुलगा बरोबर. घरात तिच्या शब्दाला किती वजन असेल!

खाली उतरताना विद्यार्थिनीने मुख्य गोष्ट काढली. “बाई, तुम्ही त्याच्या आईशी बोलाल? त्या तुमचं ऐकतील.” का ऐकतील, ते तिने सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती. मला बोलावले होते ते माझ्या एम. ए.साठी नव्हे, माझ्या आडनावासाठी. क्षणभर वाईट वाटले. मग वाटले, ज्या आडनावाने दारे बंद केली त्याचाच एकदा दार उघडायला उपयोग होत असेल तर रागवायचे कोणावर?

पुढच्या आठवड्यात मी त्या बाईंकडे गेले. घर मी मनात पाहिले होते तसेच. बाई दहावी शिकलेल्या. पुढे शिकायचे होते, वडिलांनी सोयरीक जुळवली. मी भीत भीत विषय काढला. त्यांना सारे ठाऊक होते. मुलगा कुठे राहतो, कोणाबरोबर राहतो, तिचे नाव काय, ती कुठली.

“तुम्हांला सहन होणार नाही, असे घरात म्हणतात,” मी म्हटले.

बाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. “मला?” त्या म्हणाल्या. “मला विचारलंय कोणी? अहो, हे आणि भाऊजी दार लावून बोलले. मग मला सांगितलं, तू काळजी करू नकोस, आम्ही बघतो. तीन वर्षं झाली. मला काय कळतंय, म्हणून मी गप्प.”

तेव्हा त्या निबंधातल्या आकड्याचा अर्थ मला उमगला, निदान तसे मला वाटले. दहावी शिकलेली आई जातीची अधिक कडवी असते, असा तो अर्थ नव्हे. तिच्या नावावर दुसऱ्यांना आपला नकार खपवता येतो, हा तो अर्थ. अभियंता वडील आधुनिक राहिले, मुलाची मर्जी सांभाळली, जात सांभाळली आणि दोष बायकोच्या रक्तदाबावर ठेवून मोकळे झाले. शिकलेल्या बाईच्या नावावर असे ओझे टाकणे इतके सोपे नसते. ती विचारते, मी कधी म्हटले?

मी जरा उत्साहाने बोलू लागले. मुलगी किती गुणी, तिचे अक्षर किती सुरेख, तिने वक्तृत्वात मिळवलेली ढाल. बाई ऐकत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, “तुम्हांला मुलगा आहे ना, ताई?”

“आहे. एकोणीस वर्षांचा.”

“त्यानं असं केलं तर?”

उत्तर मला पाठ होते. वर्गात मी ते वीस वर्षे देत आले आहे. तरी ते ओठांवर यायला जितका वेळ लागायला नको होता तितका लागला. नातेवाईक डोळ्यांपुढून गेले, सासूबाई गेल्या, मंगळागौर, श्राद्धपक्ष, कोण काय म्हणेल, सारे भरभर गेले. मग मी म्हटले, “मी लग्न लावून देईन.” बाईंनी तो मधला वेळ पाहिला होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर उपहास नव्हता. उलट थोडा धीरच आल्यासारखा दिसला. न अडखळणाऱ्या बाईचा त्यांना कदाचित भरवसा वाटला नसता.

निघताना त्यांनी दारात थांबवून विचारले, “तिची आजी आहे म्हणता? कशा आहेत?” आजीचे ‘ठेवलेली’ हे बोलणे मी त्यांना जसेच्या तसे सांगितले. बाईंनी पदराने तोंड पुसले. “माझ्या मुलामुळे त्या म्हातारीला असं बोलावं लागलं,” एवढेच त्या म्हणाल्या.

डिसेंबरात विहारात लग्न लावायचे दोघांनी ठरवले आहे. आजीला २५ तारीख हवी होती. पण त्या दिवशीच्या गर्दीत नवरानवरी सापडायची नाहीत, म्हणून त्याआधीचा रविवार धरला आहे. मुलाचे वडील येतील की नाही, कोणाला ठाऊक नाही. कातकरी बाईला माझ्या विद्यार्थिनीने आमंत्रण दिले आहे. ती म्हणाली, येते, बघून ठेवते कसं करत्यात ते.

आणि परवा संध्याकाळी मला एक फोन आला. आवाज हळू होता, स्वयंपाकघरातून येत असावा. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

“ताई, देहूरोडला सगळ्या लोकल थांबतात ना? सकाळची एखादी सांगून ठेवा. मला एकटीला यावं लागेल.”

मी वेळापत्रक काढले आणि तिला दोन गाड्या लिहून घ्यायला सांगितल्या. एक चुकली तर दुसरी असावी म्हणून.